ग्रंथकपाटाच्या राखणीतून मुक्त करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
धर्मविषयक कार्यालय, वक्फ विभाग,
सुंगाई कनांगा तालुका, दक्षिण कालिमंतान.

अर्जदार: मस्तूरा, मरहूम गुरु इदेहाम यांची पत्नी, राहणार नदीकाठ.

विषय: वक्फ ग्रंथकपाटाच्या मुतवल्लीपदातून सुटका मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा मागील अर्ज, जो "यात 'मी' फार आहे, रीतसर अर्ज करावा" या शेऱ्यासह परत आला. २) "इस्लामच्या अभ्यासासाठी ग्रंथालये व ऑनलाइन साधने" या संकेतस्थळावरील आमच्या घराची नोंद.

महोदय,

आपल्या कार्यालयाचा शेरा शिरसावंद्य मानून हा अर्ज नव्याने लिहिला आहे. यात 'मी' कुठे डोकावणार नाही याची अर्जदाराने शक्य तितकी काळजी घेतली आहे.

१. अर्जदाराचे पती गुरु इदेहाम घरीच मुलांना धर्मग्रंथ शिकवीत. एका मौलूदच्या, म्हणजे पैगंबरजन्माच्या, जेवणानंतर, पाहुणे तृप्त होऊन बसलेले असताना, त्यांनी दोन साक्षीदारांसमक्ष जाहीर केले, "हे पुस्तकांचं कपाट, ते उभं आहे ती खोली आणि खोलीत यायचा जिना, सगळं इस्लाम शिकणाऱ्यांसाठी वक्फ. दार कधी लावायचं नाही." अर्जदार त्या वेळी स्वयंपाकघरात केळी तळत होती. तिला विचारण्यात आले ते एवढेच, "अगं, चहा झाला का?" वक्फ केलेली वस्तू विकता येत नाही, कुणाला देता येत नाही आणि परतही घेता येत नाही, हे आपणांस सांगायला नको. पुढच्याच वर्षी गुरु अल्लाहला प्यारे झाले. कागदावर मुतवल्ली, म्हणजे वक्फची राखण करणारा, म्हणून "घरातील माणूस" असे लिहिलेले होते. घरात माणूस एकच उरले होते.

२. सदर खोली ही घराची पुढची खोली असून घराला दुसरी वाट नाही. स्वयंपाकघराच्या मागे थेट नदी आहे. त्यामुळे अर्जदारास मासळी आणायची असो की शेजारी मयताला जायचे असो, मांडीला मांडी लावून बसलेल्या वाचकांतून वाट काढावी लागते. परके पुरुष बसलेले असल्याने पहाटेपासून रात्रीच्या इशाच्या नमाजापर्यंत स्वतःच्या घरात डोक्यावरचा पदर सोडता येत नाही. उन्हाळ्यात ही काय शिक्षा असते ते पुरुष अधिकाऱ्यास लिहून कळणार नाही. काई बासुनी नावाचे वृद्ध वाचक रोज येतात, एकच ग्रंथ उघडतात, त्यावर झोपतात आणि उठल्यावर म्हणतात, "मस्तूरा, आज कालवणात आलं कमी पडलंय. वासावरून कळतं." बाहेरगावचे विद्यार्थी अर्जदारास आचिल म्हणतात आणि खरोखरच मावशी असल्यासारखी कामे सांगतात.

३. आता ऑनलाइन प्रकरणाविषयी. शहरातील विद्यापीठाचा हमदान नावाचा विद्यार्थी सोबत्यांना घेऊन आला आणि म्हणाला, "आचिल, सगळी पानं एकदा इंटरनेटवर गेली ना, की इथं काळं कुत्रंही फिरकणार नाही. तुम्ही सुटलात बघा!" अर्जदार या बोलण्याला भुलली. गुरूंचे ग्रंथ जुन्या पद्धतीचे, न शिवलेले, सुट्या घड्यांचे. शिष्याने त्या दिवसापुरती घडी घेऊन जायची, अशी वापरण्याची रीत. नदीच्या दमट हवेने पाने वळतात, म्हणून छायाचित्र काढताना कुणाला तरी ती दाबून धरावी लागत. ते काम अर्जदाराने केले. परिणामी शेकडो पानांच्या कोपऱ्यात अर्जदाराचा अंगठा आला आहे. संकेतस्थळावर आता अशी सूचना आहे: "समासातील टीप अंगठ्याखाली झाकली गेली आहे. मूळ प्रत सुंगाई कनांगा येथे पाहावी. राखणदार सदैव उपलब्ध."

तेव्हापासून अंगठ्याखाली काय आहे ते पाहण्यासाठी जावाहून, मदुराहून आणि एकदा तर परदेशातल्या केलांतानहून माणसे येत आहेत. पूर्वी फक्त इस्लाम शिकणारे येत, आता अंगठा शिकणारेही येतात. बहुतेक ठिकाणी अंगठ्याखाली वाळवीचे भोक निघते. सुराबायाच्या एका संशोधकास मात्र गुरूंच्या हातची ओळ सापडली: "तेल संपले, आज सांगणे." ते फार हरखले आणि विचारू लागले, "हा शेरा कोणत्या धार्मिक मसल्यावर आहे?" अर्जदाराने उत्तर दिले, "दिव्याच्या." त्यांनी तेही टिपून घेतले.

४. अर्जदार हातावर हात धरून बसली नव्हती. कपाट मशिदीत हलवावे म्हटले, तर ते लोखंडासारख्या कठीण लाकडाचे असून खोलीतच बांधलेले आहे, दारातून निघत नाही. भिंत पाडावी तर भिंतही वक्फ. दुसरा मुतवल्ली नेमावा, तर आपल्या नियमाप्रमाणे त्याने जागेवर राहिले पाहिजे, आणि मागचा भाग अर्जदाराचा. विधुर शेजारी उतुह शहरानी तत्काळ म्हणाले, "मी येतो की राहायला, त्यात काय एवढं!" त्यांच्या या तत्परतेमुळेच अर्जदाराने विचार सोडला. गावातल्या बायकांना विचारले, तर त्यांच्या नवऱ्यांना भाकरतुकड्याची, म्हणजे आमच्याकडे भातमाशाची, काळजी पडली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली आहे. आपल्या कार्यालयातील लिपिक महाशय पाहणीस आले तेव्हा म्हणाले, "अहो, केवढं पुण्याचं काम! लोक तरसतात अशा संधीला." अर्जदाराने त्यांना त्याच दिवसापासून ती संधी देऊ केली. त्यांना एक तातडीची बैठक आठवली.

५. अर्जाचे तातडीचे कारण असे. अर्जदाराची एकुलती एक कन्या रुस्मीना बालिकपापन येथे राहते. तिला दिवस गेले असून रमजानच्या अखेरीस ती बाळंत होईल. ती फोनवर रडली. म्हणाली, "मा, या खेपेला तरी ये. नुसती दुआ पाठवू नकोस, तू ये." आईने बाळंतपणाला जावे ही आमच्याकडची रीत आहे. आपल्याही घरी तीच असणार.

६. सबब विनंती की अर्जदारास मुतवल्लीपदातून मुक्त करावे. ते शक्य नसल्यास बाळाच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत आपला एक कर्मचारी येथे बसवावा. त्याच्या जेवणाचे सांगून ठेवता येईल. तेही शक्य नसल्यास तेवढ्या दिवसांपुरते दार लावण्याची लेखी परवानगी द्यावी. आणि यातले काहीच होत नसेल, तर निदान संकेतस्थळावरचा 'सदैव' हा शब्द तरी काढायला लावावा. इथवर लिहिल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले की दर ओळीला तिची मागणी आखडत चालली आहे, आणि अजून चार ओळी लिहिल्या तर ती आपली क्षमाच मागेल.

७. "या खेपेला तरी" असे मुलगी का म्हणाली, ते मागील अर्जात लिहिले होते. कदाचित त्यातच 'मी' फार झाले असेल. रुस्मीनाचे हे दुसरे बाळंतपण आहे. पहिल्या वेळी जावयाचा फोन आला तेव्हा पाने टिपण्याचे काम चालू होते. हमदान म्हणाला, "आचिल, एवढं एक पुस्तक होऊ द्या. घड्या सुट्या आहेत, हात काढलात तर क्रम बिघडेल." दिवस भरायला अजून अवकाश आहे असेच सगळ्यांना वाटत होते. पुस्तक संपेतो संध्याकाळची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी बालिकपापनला पोहोचले तेव्हा बाळाला मातीही देऊन झाली होती. मुलगी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिने विचारले सुद्धा नाही, उशीर का झाला म्हणून.

ते पुस्तक संकेतस्थळावर आहे. कुणीही उघडून पाहावे. लोक विचारतात अंगठ्याखाली काय आहे. अंगठ्याखाली काही नाही, साहेब. अंगठा माझा आहे, आणि त्या दुपारी तो तिथे असायला नको होता.

इथे 'मी' आले आहे. ते खोडणार नाही.

तरी विनंती क्रमांक सहा रद्द समजावी. रमजान लागण्याच्या आदल्या दिवशी मी बालिकपापनच्या गाडीत असेन. दार उघडेच राहील. ते लावायचे नाही असे गुरूंनी सांगितले होते. दाराच्या आत कुणी बसायचे, हे त्यांनी सांगितले नव्हते. पावसात छत कपाटाच्या डाव्या अंगाला गळते, तिथे पातेले ठेवावे. काई बासुनींना दुपारी हाक मारून उठवावे, नाहीतर त्यांची असरची नमाज चुकते. हा अर्ज तेच घेऊन येत आहेत, तेव्हा त्यांचा डोळा लागण्यापूर्वी पोच द्यावी.

आपली नम्र, आणि या महिनाअखेरपर्यंतच उपलब्ध,

मस्तूरा
सुंगाई कनांगा, शाबान महिन्याची वीस तारीख

सोबत:
१) मागील अर्ज, शेऱ्यासह.
२) संकेतस्थळावरील एका पानाची छापील प्रत.
३) उजव्या अंगठ्याचा ठसा, ओळख पटवून घेण्यासाठी.
४) कपाटाची किल्ली.