आबांच्या विहिरीतला गुलाबी खडा

१४ मार्च १९४७, धाराशिव

बेंबळीहून थोरली अक्का आली. आबा गेल्यावर त्यांची ट्रंक तिनंच आवरली. त्यातला खडा घेऊन आलीय. गुलाबी, बोराएवढा.

लगेच ओळखला. आमच्या लहानपणी आबा विहीर खोदत होते, सुरुंगानं काळा दगड फुटला, आत पोकळी. सगळी स्फटिकांनी भरलेली. अक्कानं खडीसाखर म्हणून चाटून बघितलेला! आबा किती हसले होते.

१५ मार्च

शाळेतून भिंग आणलं. सहा बाजू, काचेसारखी चमक, आडव्या बारीक रेघा. चाकूनं चरा पडतो. काचेवर मात्र त्याचा ओरखडा उठत नाही. ॲसिडचा थेंब टाकला, फसफसलं नाही. म्हणजे चुनखडी नव्हे; झिओलाइट असावा, अंगात पाणी धरून ठेवणारा दगड.

त्यातलाच दुर्मिळ ग्मेलिनाइट तर नव्हे? हैदराबादेत कॉलेजात एकदाच बघितला होता. प्रोफेसरांनी तळहातावर ठेवून दाखवला, लगेच कपाटात कुलूपबंद. काय दिवस होते ते.

१६ मार्च

पुढच्या तपासणीला तुकडा फोडावा लागणार. अक्काला विचारलं.

"फोडणार?"

"चिमूटभर गं."

"शेत तुमा भावांच्या नावावर. माज्याकडं आबांचं एवढंच हाय."

खडा तिच्या हातात परत दिला.

१८ मार्च

सकाळी आपणच म्हणाली, "फोडायचा तर मीच फोडीन." वरवंट्यानं हलकेच कोपरा उडवला. डोळे भरले होते, हात मात्र स्थिर.

चुरा नळीत घालून तापवला. वरच्या गार काचेवर थेंब जमले. अक्का वाकून बघत राहिली. "दगडात पाणी व्हतं व्हय? इतकी वर्सं?"

मग आबांच्या गोष्टी निघाल्या. त्यांचं पोहणं, त्यांच्या शिव्या. स्वयंपाक राहिला, सौ. सुमन रागावली. तिचं बरोबरच आहे.

१९ मार्च

उरलेला चुरा रात्रभर ॲसिडमध्ये होता. खळीसारखा गोठलाय. झिओलाइट नक्की. पण चाबाझाइट या साध्या झिओलाइटचे जुळे स्फटिकही असे षट्कोनी दिसतात. निकाल मायक्रोस्कोपखालीच लागणार. तो हैदराबादेत. आणि तिथं आणखी एक काप काढतील...

२० मार्च

अक्का निघाली. खडा लुगड्याच्या पदरात गाठ मारून.

"हैद्राबादला कवा जाणार?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीत. तोवर खडा ठेव माझ्याकडं."

"न्हाय. म्या सोबत येते. काय कापायचं ते माज्यासमोर कापा."

आजवर ती सोलापूरच्या पुढं गेलेली नाही. प्रोफेसर अजून तिथं आहेत का, तेही मला ठाऊक नाही. तरी हो म्हणालो.