राखणीवरचा मासा

१२ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! मंगेशच्या बँकेने त्याला एकोडीसारख्या खेड्यात पाठवलं तेव्हा मी चांगलाच तमाशा केला होता, पण घर पाहून मूड सुधारला. मागची खोली तर जणू माझ्या टाक्यांसाठीच बांधली आहे. एकच दार, खिडकीला गज, ऊन नाही. माझे झेब्रा प्लेको पुण्याहून सुखरूप आले, एकही दगावला नाही. बोटाएवढे, काळेपांढरे पट्टे, टाकीच्या तळाशी राहणारे मिशाळ मासे. यांची वीण घरी घडवायची म्हणजे कुणाच्याही हातचं काम नाही. माझ्या चॅनेलवरचे लोक वाट बघत आहेत.

घरमालकीण उषाबाई शेजारीच राहतात. भाताची शेती आहे आणि परसामागे छोटं तळं, त्याला इथे बोडी म्हणतात. मासे बघून म्हणाल्या, एवढ्याशाचा रस्सा तरी काय होणार. कुणाला काय सांगायचं!

२० ऑक्टोबर

जेवायला रोज भात. वीज आपल्या मर्जीने येते-जाते. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून माझ्या हाफ पॅन्टकडे बघतात. मंगेशला मात्र सगळं आवडतं. त्याला बसस्टँडसुद्धा आवडेल.

पण आनंदाची बातमी आहे. मोठ्या नराने विणीसाठी ठेवलेली मातीची नळी धरली आणि आत अंडी आहेत! टपोरी, पिवळी. यांच्यात आई अंडी घालून मोकळी होते. बाप नळीत बसून परांनी पाणी हलवत राहतो, नाहीतर अंडी सडतात. तोवर काही खात नाही. मंगेश म्हणाला, बिचारा. मी म्हटलं, शिक काहीतरी.

२३ ऑक्टोबर

आज जरा गडबड झाली. नर हलगर्जी वाटला म्हणून अंडी काढून वेगळ्या भांड्यात हवेच्या नळीखाली ठेवायची ठरवली. सगळे जाणकार असंच करतात. मी कॅमेरा धरला, मंगेशने बोट घालून नराला ओढलं. त्याने गालावरचे काटे नळीत रोवून धरले होते. जोर लावला तेव्हा निघाला, पण अर्धा सोलून. मेला.

उषाबाई खिडकीतून ओरडत होत्या, "साहेब, राखणीवरचा मासा काहाडू नोका जी!" नंतर त्यांनी घरची रीत ऐकवली. बोडीत पिल्लांच्या राखणीवर बसलेली मरळ चुकून कुणी ओढली, तर ओढणाऱ्याने पिल्लं पांगेपर्यंत तिच्या जागी पाण्याशी बसायचं. त्यांचे दीर यादोराव असेच बसले होते म्हणे. आपण होऊन बसलं तर उठता येतं, नाही बसलं तर राखण स्वतःच माणसाला धरते. माणसं एकविसाव्या शतकात काय काय उराशी धरून जगतात!

२६ ऑक्टोबर

मंगेश अंड्यांच्या भांड्यासमोर बसला आहे. बोटांनी पाणी हलवतो. हवेची नळी चालू आहे म्हटलं तरी ऐकत नाही. बँकेत गेला नाही, जेवला नाही. मेलेल्या माशाचं एवढं सुतक? सासूबाईंनी फारच मऊ वाढवलाय.

२८ ऑक्टोबर

अजून बसलाच आहे. उषाबाई हात जोडून आल्या. "तुमी बसा मॅडम त्याहिच्या जागेवर, मंग सुटतीन साहेब. पोट्टे निघेपर्यंतच तं हाय." मी शिकली-सवरलेली बाई, भांड्यात हात घालून बसू? त्यांना सरळ दार दाखवलं.

मंगेशची दाढी वाढली आहे. गालाला हात लावला तर बोटातून रक्त आलं.

२९ ऑक्टोबर

नाटक पुरे झालं. तो डुलक्या घेत होता तेव्हा भांडं उचललं आणि अंडी मोरीत ओतली. एवढ्या मेहनतीची अंडी! पण नवऱ्याला वेड लागण्यापेक्षा बरं.

त्याने आधी मोरीकडे बघितलं. मग कितीतरी वेळ माझ्याकडे.

३० ऑक्टोबर

माशांना खायला घालायला मागच्या खोलीत आले आणि मंगेश दारात येऊन बसला. माझ्याकडे पाठ करून, चौकटीत अंग कोंबून. उठ म्हटलं, ढकललं, चावले. हलत नाही. कोपर तेवढे हलतात, पुढे-मागे, पुढे-मागे. फोन बाहेर राहिला. ही वही टाक्यांजवळच असते, म्हणून लिहिता तरी येतंय.

उषाबाईंनी गजातून पाणी आणि भाकर दिली. मी घेतली. त्यांच्याकडे बघवलं नाही.

३१ ऑक्टोबर

या माशांतला नर कधीकधी मादीलाच नळीत कोंडतो — अंडी घालेपर्यंत सोडत नाही — हे मीच हसत हसत व्हिडिओत सांगितलं आहे —

तो मागे सरकतोय. थोडा थोडा. खोली लहान होतेय.

मला भीती वाटते. मंगेशची. माझ्या मंगेशची.

१ नोव्हेंबर

बँकेचा शिपाई भुपेंद्र आलाय, बरोबर माणसं. बाहेरून ओढून काढू म्हणतात. उषाबाई आडव्या — "ओढलं तं मरतीन ना साहेब! मॅडम, तुमी नाही म्हना!"

सगळे थांबलेत. माझ्या उत्तरासाठी.

त्याचे गाल चौकटीत रुतलेत. लाकडाला भेगा पडल्यात. हात लावून पाहिला — कातडी नाही ही, खवलं नाहीत — ढालीसारखं काहीतरी —

नको म्हटलं तर मी इथेच. तो अजून मागे येईल. मला मागे सरकायलाही जागा उरली नाही —

मंगेश, ऐक ना. मी बसते. भांड्यापाशी बसते. पण भांड्यात आता —

ओढा म्हटलं मी. मीच म्हटलं. मोठ्याने.

ओढतायत. तो आवाज करत नाही. काहीतरी फाटतंय, ओलं —

सुटला! भुपेंद्र किंचाळतोय. पाय बाहेर, हात बाहेर, सगळं बाहेर — पण चेहरा अजून चौकटीलाच आहे, आणि तो माझ्याकडे वळून —