पहिले तीन महिने

४ मार्च

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

आजी नावाचं एक माणूस इकडे आहे, आठवतंय ना? दोन पत्रांना उत्तर नाही, तिसऱ्याला छापील लेख.

लिहितेय तुझी आई, बोलतेय मी. माझ्या बोलण्याला इस्त्री करू नकोस, असं तिला बजावलंय.

डायलिसिसची खबर अशी. हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून धुऊन आत. खुर्चीचं रेक्झिन आधीच्या माणसाच्या घामाने कोमट असतं, पाठ चिकटते. खोलीभर आंबूस वास. शेजारी कुणी ओकलं की बादली माझ्या पायाशी. याची सवय होते म्हणतात.

तुझ्या लेखाची होणार नाही. डायलिसिसवरची माणसं किती जगतात, कशाने दगावतात, यावर माझ्या नातीने लिहिलंय, असं मी सगळ्या खोलीला सांगून बसले होते. आईने वाचायला घेतला, तर दुसऱ्याच पानावर ‘पहिल्या तीन महिन्यांत दगावलेले रुग्ण वगळले आहेत.’ मी पुन्हा वाचायला लावलं.

शेजारच्या खुर्चीवर शिंपीबुवा असायचे. आम्ही एकाच आठवड्यात डायलिसिसला लागलो. डॉक्टरांनी पाणी तोडलेलं, जीव कासावीस व्हायचा. मग ते लिंबाची आंबट गोळी कागदासकट दाताने फोडायचे आणि अर्धी मला द्यायचे. घाणेरडं, पण मी घ्यायचे. दुसऱ्याच महिन्यात गेले. खुर्चीवर ओलं फडकं फिरवलं आणि ती वाळायच्या आत दुसऱ्याला बसवलं. याहून ओंगळ काही नसेल असं वाटलं होतं. तू तर त्यांना मेलेल्यांतही बसू दिलं नाहीस.

माझेही तीन महिने व्हायचे आहेत. आता तुझी आई लिहायची थांबली आहे. तिला म्हटलं, डोळे पूस आणि लिही.

राग आला तरी माया काढून घेऊ नकोस. इथे आधीच बरंच काढून घेतात.

आजी


१२ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

आधी तुझा राग आला. सुरुवातीला जाणारे पुष्कळदा आधीच फार आजारी असतात. ते आजाराने गेले की उपचार कमी पडले, हे कळत नाही. म्हणून मोजणी तीन महिन्यांनंतर सुरू करायची पद्धत आहे. यात लबाडी नाही.

पण ज्यांच्या हाताखाली लेख लिहिला त्या मॅडमना विचारलं, वगळलेले होते किती? कुणालाच सांगता येईना. मी शोधून काढलं. पुढच्या कुठल्याही तीन महिन्यांत गेली नाहीत इतकी माणसं त्या पहिल्या तीन महिन्यांत गेली होती. ते वाक्य मी चहा पिता पिता टाइप केलं होतं, आजी. त्या चहाची आता किळस येते.

पुढचा लेख फक्त त्यांच्यावर लिहीन म्हटलं. मॅडम म्हणाल्या, छापणार कोण? बघू.

तू फुलदाणीतलं पाणी प्यायलीस, असं आई म्हणते. खरं का? असं करू नकोस. मला तू कुठल्याच लेखात नको आहेस.

तुझा आशीर्वाद आणि तुझी जीभ, दोन्ही अशीच राहोत.

तुझी खार


२० मार्च

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

फुलदाणीचं खरं आहे. कुजक्या देठांची चव होती. दोन घोट घेतले आणि तिसराही घेतला. मग वजन वाढलं म्हणून नर्स तडतडली, मशीनने पाणी ओढलं तेव्हा पायांत असे गोळे आले की मी बोंबलले. वाटलं, झालं, गेले वगळलेल्यांत.

तीन महिने काढून तुझ्या लेखाच्या नाकावर टिच्चून बसायचा माझा बेत होता. आता तू दुसरा काढतेस, तर माझी दोन्हीकडे सोय झाली. आई म्हणते हे लिहिणार नाही. लिहिलंय की नाही, मला कुठे कळणार?

छापणार कोण ते मला ठाऊक नाही. तू लिही. शिंपीबुवांना नुसता आकडा करशील, ते मला पसंत नाही, पण निदान तेवढं कर.

त्यांच्या खुर्चीवर आता एक बस चालवणारी बाई येते. नवीनच लागली आहे. ओठ फुटलेत, नर्सच्या पाण्याच्या बाटलीवरून नजर हलत नाही. माझ्याजवळ तिला द्यायला काही नव्हतं.

आहे ती माया जपून ठेव, लागेल तशी मागवीन.

आजी

ता. क. खाऊ पाठवशील तर फळं नकोत, सुकामेवा नको, खारं काही नको. सगळं बंद आहे. लिंबाच्या आंबट गोळ्या पाठव. मोठ्या, आणि एकेक कागदात गुंडाळलेल्या. दाताने फोडायच्या आहेत.