सारवलेल्या जमिनीवर इंग्रज

त्सुफेनहाउझेन, जर्मनी,
६ फेब्रुवारी १९६६

चि. सौ. सुरेखा हिस सुलेखाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लतिकाने वाचून दाखवलं. मग मी एकटीने बसून अक्षर अक्षर लावत परत वाचलं, कारण मला वाटलं की लेक काहीतरी गाळतेय. गाळलं होतंच. मोहनच्या तोंडाला रंग लावला ती ओळ तिने गिळली होती.

किळस आली मला. माझा मुलगा तुझ्याकडे लंडनला राहतो तो इंजिनियर व्हायला. आणि हा तिथल्या टेलिव्हिजनवर डोक्याला फेटा गुंडाळून भाडेकरू पटेल होतो, साबणाच्या पाण्याच्या टबात बूड आपटून पडतो, आणि इंग्रज माणसं पोट धरून हसतात. वर तू लिहितेस की किती गोड दिसत होता. गोड! आणि कुठला पटेल फेटा बांधतो गं? तिथे एवढी माणसं कामाला असतील, एकालाही विचारावंसं वाटलं नाही? मोहन तरी तोंड उघडून बोलला का? नाही. पडला टबात.

रंगाचं तर मला सोसवतच नाही. तोंडाला काळं फासलं असं आपण म्हणतो, ते नुसतं म्हणायचं असतं. ह्याने खुर्चीत बसून, गळ्याशी टॉवेल लावून, एका बाईकडून खरोखर फासून घेतलं. का, तर म्हणे तो हिंदी माणसाइतका काळा दिसेना. माझ्या पोटचा पोर हिंदी दिसतो की नाही हे ती रंगवाली ठरवणार! आणि तो तुमचा टेलिव्हिजन मुळात काळापांढरा.

इकडे नातीला दात येताहेत, सगळं घर चावून ठेवलंय. मी आले बाळंतपणापुरती, पण लतिका सोडत नाही. दिनकरराव सकाळी सहाला मोटारीच्या कारखान्यात नकाशे काढायला जातात. जिना झाडायची पाळी ज्याची त्याच्या दारावर पाटी टांगतात. त्या आठवड्याला इथे केरवोखे म्हणतात. निदान केर तरी आपला आहे. मी जिना असा पुसते की खालची फ्राउ ऐझेले कठड्यावरून बोट फिरवते, बोट बघते आणि काही न बोलता जाते. इथे हा मोठा मान समजायचा.

मोहनला एवढं सांग. दिनकररावांनी त्यांच्या साहेबांकडे शब्द टाकलाय, नकाशाच्या कामावर उमेदवारीची जागा आहे. टबातून बाहेर ये, अंग पूस आणि इकडे नीघ. यायचं नसेल तर ते रंगवलेलं तोंड मला परत दाखवू नकोस.

सासरच्यांनी लग्नात नाव सुलेखा ठेवलं आणि अक्षर हे असं. गोड मानून घे. श्रीपादरावांना नमस्कार. चिडले आहे, पण तुझ्यावरची माया जागच्या जागी आहे.

तुझी
अक्का


वेम्ब्ली, लंडन,
१४ फेब्रुवारी १९६६

ती. अक्कास सुरेखाचे सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं तेव्हा ह्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, अक्कांचा कागदसुद्धा ओरडतो. फेट्याचं मात्र त्यांना पटलं. तो फेटा नव्हताच, पडद्याचं कापड टाचण्या लावून टोपीसारखं शिवलेलं होतं, असं मोहन सांगतो. हे ऐकून तुझा राग वाढेल, पण तुझ्यापासून काही गाळायचं नाही असं मी ठरवलं आहे.

अक्का, तुला सगळं एकच वाटतं, पण इथे विनोदी कार्यक्रमांच्या दोन जाती आहेत. एका जातीत माणसं पडतात, पँटी सुटतात, बायका किंचाळतात. मोहन आहे तो कार्यक्रम त्यातला. एक चाळीसारखं घर, त्याचा मालक म्हातारा लष्करी माणूस आणि त्याचे तऱ्हेवाईक भाडेकरू. दुसऱ्या जातीत कोणी पडत नाही. प्रोफेसरांचं घर असतं, सगळे सोफ्यावर बसलेले, आणि एखादं वाक्य असं हळूच टाकतात की हसू मागाहून येतं. मला हा दुसरा आवडतो आणि ह्यांना पहिला. मंगळवारी आणि गुरुवारी आमचं यावरून वाजतं. दुसऱ्याच्या बुडावर हसणं पांचटपणाचं आहे, असं मी म्हणते. ह्यांचं म्हणणं, दिवसभर टपालाच्या पिशव्या उचलून आल्यावर हसण्यासाठी डिक्शनरी उघडणार नाही.

आता खरी बातमी. त्या प्रोफेसरांच्या कार्यक्रमाने मोहनला बोलावलं आहे. त्यांच्याकडे जेवायला येणारा हिंदी डॉक्टर, कोट, टाय, फेटा नाही, टब नाही. सहा भाग आहेत. तिकडे चाळवाल्यांनाही तो पुढच्या वर्षासाठी हवा आहे. दोघांच्या तालमीचे दिवस एकच, तेव्हा एकच काम घेता येईल. दहा मार्चपर्यंत सांगायचं आहे.

तो तिकडे येईल असं मला वाटत नाही, अक्का. पण तोंड दाखवू नकोस ही ओळ ऐकल्यावर त्याने ताट सरकवलं, आणि तेव्हापासून तो घास मोजून खातो. तूच आज्ञा कर की प्रोफेसरांचं घे. तुझा मान राहील आणि त्यालाही शहाण्या लोकांत बसता येईल. त्या डॉक्टरच्या कामाची टाइप केलेली दोन पानं सोबत पाठवते, दिनकररावांकडून समजून घे.

आणि एक रीळ पाठवते. चाळीचा तो भाग परत दाखवला तेव्हा ह्यांनी टेलिव्हिजनपुढे माइक धरून आवाज उतरवून घेतला. मधला खोकला ह्यांचा आहे. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. तुझा चेहरा बघायला मिळणार नाही, याचंच वाईट वाटतं.

लतिकाला आणि चावऱ्या नातीला आशीर्वाद. ओरडायला का होईना, पत्र टाकत जा.

तुझी
सुरेखा


लंडन,
१६ फेब्रुवारी १९६६

ती. आईस मोहनचा शि. सा. नमस्कार.

मावशीने मला वाचवायला एक गोष्ट लपवली असेल, ती मीच लिहितो. इंजिनियरिंग मी नोव्हेंबरात सोडलं. परीक्षेबद्दल तुला लिहिलं ते खोटं होतं. यंत्रं मला कळतात आई, पण त्यांचं मला काही वाटत नाही. समोर शंभर माणसं बसलेली असतात, ती एकदम हसतात, तेव्हा वाटतं.

रंगाबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे. पहिला दिवस होता, मी घाबरलो आणि गप्प बसलो. साबणाने तो निघतो. मी गप्प बसलो हे निघत नाही.

दिनकरभाऊजींचे उपकार आहेत, पण कोणाच्या उपकारावर बसून मी वाकडे नकाशे काढीन. त्यापेक्षा दोन कामांतलं कोणतं घ्यावं ते तू सांग. मावशी एक म्हणते, काका दुसरं म्हणतात, आणि मला स्वतःचं मन ऐकू येईनासं झालं आहे.

एकच मागतो. आधी रीळ ऐक. एका जागी दिग्दर्शक म्हणाले की इथे तुझ्या भाषेत काहीही बडबड, कोणाला कळणार नाही, नुसता राग ऐकू आला पाहिजे. मला काही सुचेना. मग जे आठवलं ते बोललो.

तू सांगशील ते करीन. फक्त तोंड दाखवू नकोस एवढं परत लिहू नकोस. बाकी काहीही लिहिलंस तरी मी ते आशीर्वादात धरीन.

तुझा
मोहन


त्सुफेनहाउझेन,
२८ फेब्रुवारी १९६६

चि. मोहन यास आईचे आशीर्वाद, सगळे नाहीत, निम्मे.

इंजिनियरिंग सोडलंस आणि परीक्षेचं खोटं लिहिलंस. मी इथे तुझ्या पेपराच्या दिवशी देवापुढे बसले होते. कसला पेपर, कसलं काय. त्याचं मी समोर आलास की बघेन, कागदावर भागणार नाही.

काल रविवारी जेवणं झाल्यावर दिनकररावांनी रीळ चढवलं. लतिकाने चहा आणला. आधी नुसतं हसणं, डब्यात खडे खुळखुळावेत तसं. मग श्रीपादरावांचा खोकला. मग एक म्हातारा इंग्रजीत गुरगुरला. आणि एकदम माझाच आवाज आला.

मेल्या, डोळे काय खुंटीला टांगून आलास, आत्ता सारवलंय तिथे चिखलाचे पाय घेऊन नाचतोस, पाय मोडो तुझे! हे तू त्या घरमालकाला म्हटलंस. आणि लगेच धाडकन आवाज. तो पडला.

लतिका नातीला मांडीवर घेऊन लोळायची बाकी होती. दिनकररावांच्या नाकातून चहा आला. सासूपुढे जावई असा हसताना मी पहिल्यांदा बघितला. मी हसले नाही. मला लाज वाटली, मग राग आला, मग परत लाज. कराडच्या घरात मी तुला म्हणायची ते तू इंग्रजांच्या टेलिव्हिजनवर नेऊन मांडलंस. मेल्या म्हणायच्या आधी मी श्वास ओढून घेते, तोसुद्धा तू ओढलास. मी अशी वाटते होय रे ऐकायला?

दिनकररावांनी परत परत लावलं, आवाज वाढवून. इथे दुपारी एक ते तीन टाचणीसुद्धा पाडायची नसते, रविवारी तर नाहीच. फ्राउ ऐझेले वर आली. दारात कमरेवर हात ठेवून उभी, आता बोलणार एवढ्यात तू तिसऱ्यांदा ओरडलास. ती थांबली. काहीतरी विचारलं. लतिकाने मला सांगितलं की ती विचारतेय, ही कोणाची आई रागावतेय. तिला इंग्रजी येत नाही, मराठीचं तर तिने नावही ऐकलेलं नाही. मी माझ्याकडे बोट केलं. ती जा, जा, गेनाऊ, म्हणजे हो, हो, अगदी अशीच, म्हणत मान हलवत राहिली. म्हणाली, तिची आई द्राक्षाच्या मळ्यातून आलेल्या बुटांवरून अशीच ओरडायची. तक्रार करायला आलेली बाई तक्रार विसरून खाली गेली.

मग मी ती दोन पानं काढायला लावली. दिनकररावांनी वाचली आणि मराठीत सांगितली. तो हिंदी डॉक्टर जेवायला येतो. बाई हवेचं विचारते, तो शाळेत शिकवल्यासारखं पूर्ण, शुद्ध उत्तर देतो. प्रोफेसर भुवई वर करतो, लोक हसतात. बाई सुपाचं विचारते, तो परत शुद्ध उत्तर देतो, परत भुवई, परत हसू. दोन पानं हेच. मी दिनकररावांना विचारलं की यात हसतात ते कोणाकोणाला. त्यांनी परत वाचलं आणि म्हणाले, एकालाच. मी विचारलं, त्याला ते कळतं का. म्हणाले, नाही, शेवटी तो सगळ्यांचे आभार मानून जातो.

शी! टबात बूड आपटणं बरं त्यापेक्षा. हा कसला शहाणपणा, माणसाला घरी जेवायला बोलवायचं, कोट-टाय घालायला लावायचा, आणि त्याच्या पाठी नाही तर तोंडावर हसायचं, ते पण त्याला न कळेल असं. तुझ्या मावशीला सांग की सोफ्यावर बसून केली म्हणून घाण स्वच्छ होत नाही. चाळीत निदान सगळे पडतात. मालक पडतो, त्याची बायको पडते, तू पडतोस. पाणी सगळ्यांना सारखं भिजवतं.

म्हणजे मला तो कार्यक्रम आवडला असं समजू नकोस. पांचटच आहे. पँट सुटते त्यात कसलं हसू, आपल्याकडे रांगतं पोर करतं ते. मावशीचं तेवढं खरं. पण श्रीपादराव हसतात त्यात कोणाला न कळता चिमटा नाही. आणि त्या पांचटपणाच्या मधोमध तू काहीतरी ठेवलंस, ते माझं होतं. तिथल्या शहाण्यांना कळलं नाही, आणि इथल्या फ्राउ ऐझेलेला कळलं.

तेव्हा चाळीचं घे. दिनकररावांनी साहेबांना नकार कळवायचं कबूल केलंय, थोडं तोंड वाकडं करून.

पण रंग लावून घ्यायचा नाही. त्या बाईने डबी उघडली की खुर्चीतून ऊठ. असंच्या असं घेणार असाल तर राहतो, नाही तर चाललो, असं सांग. ते म्हणाले जा, तर जा. मग इकडे ये, माझ्याबरोबर जिना पूस, पण त्या खुर्चीत परत बसू नकोस. आणि फेटा घालायचाच असेल तर बांधायचा, टाचायचा नाही. तुझ्या आजोबांचा बघितलायस तू.

आणखी एक. ते वाक्य तू अर्धंच म्हटलंस. पाय मोडो म्हणून झालं की मी काय म्हणायची? रोज म्हणायची, एक दिवस चुकले नाही. आता पाय धू आणि पानावर बस, सगळं निवून चाललंय. तुला शिवी तेवढी बरी आठवली. पुढच्या वेळी त्या म्हाताऱ्याला जमिनीवर लोळत टाकू नकोस. हात दे, उठव, आणि राहिलेलं म्हण. कोणी हसो न हसो.

तूही ताट सरकवू नकोस. उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की तोंड दाखवायला ये. धुतलेलं.

उरलेले निम्मे आशीर्वाद तेव्हा देईन.

तुझी
आई