तेल घातल्याची नोंद नाही

मी, वय बहात्तर, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातला निवृत्त फिटर, हा कागद कुणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तेच तर दुखणं आहे.

१. पान्यांची पेटी मुलाला. तो अडगळ म्हणेल. म्हणू दे.

२. तेलाची झारी मॅनेजरसाहेबांना, हयात असतील तर. पंचवीस वर्षं मी जेवणाच्या सुट्टीत मशीनना तेल घातलं, झिजलेला भाग तुटायच्या आधी बदलला. साहेबांनी येऊन कार्ड सुरू केलं : बंद पडलेली किती मशीन किती मिनिटांत चालू केली. पगारवाढ त्यावरच. माझं कार्ड कोरं. दुसऱ्या पाळीतला फिटर, त्याला आम्ही धावपळ्या म्हणायचो, त्याचं कार्ड गच्च भरलेलं. साहेब मला म्हणाले, "तुमच्या पाळीत मशीन बंदच पडत नाहीत, मग तुम्ही दिवसभर करता काय?"

३. बक्षिसाचं घड्याळ. ते कसं मिळालं, हे मी घरात कधी सांगितलं नाही. पुठ्ठा कापायच्या मशीनचा ब्रेकचा पट्टा झिजलाय, हे मला आवाजावरून कळलं होतं. बदलला नाही. म्हटलं, पडू दे एकदा बंद, कार्डावर एक तरी ओळ येईल. मशीन बंद पडलं नाही, पातं खाली आलं. त्यावर काम करणाऱ्या बाईंची दोन बोटं गेली. मी चाळीस मिनिटांत मशीन चालू केलं. चौकशीत बाईंचा निष्काळजीपणा ठरला, त्या कागदावर माझीही सही आहे. त्यांना घरी बसवलं, मला घड्याळ दिलं. ते कुणाच्याही भिंतीवर लावू नये. फोडून टाकावं.

४. राहत्या दोन्ही खोल्या त्या बाईंना. मुला, मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण त्यांच्याशी भांडू नकोस.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगून आलो. वाटलं होतं, हाकलून देतील. त्या नुसत्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी मुलींना सांगत आले, माझंच लक्ष नव्हतं." आणि चहा ठेवायला उठल्या. खोल्या घेईन असं त्या म्हणाल्या नाहीत. तरी त्यांच्याच.

साक्षीदार : धावपळ्या, निवृत्त फिटर. पूर्ण वाचून सही केली.
शेजारच्या शिंपीणबाई. चष्मा विसरल्या, म्हणून वाचून दाखवलं.
ठिकाण : राहती खोली.
तारीख : चौकशी झाली तीच, एकोणीस वर्षांनी.
सही : चौकशीच्या कागदावर आहे तीच. जुळवून पाहावी.