सेहेचाळीसावा दिवस

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर,
रविवार, दि. १७ ऑगस्ट २०२५

ती. शिवगंगाअक्कास,
धाकट्या अंबिकेचा शरणु शरणार्थ.

पत्र बघून दचकू नको. इकडे सगळं बरं आहे. फोनवर आपलं "जेवलीस का? हो. बरं, ठेवते" एवढ्यातच आटोपतं, म्हणून कागद घेतला.

शांभवी भिंत धरून उभी राहायला लागली. खाली दोन दात आलेत आणि ते चालवायला तिला दिवसभर काहीतरी लागतं. काल सोमेशच्या चपलेचा अंगठा चावत बसली होती. त्याची बदली औशाला झाली, रोज येऊन-जाऊन करतो. उदगीरला अव्वाचा गुडघा कुरकुरतो, पण आईच ती आपली, श्रावणी सोमवार सोडत नाही. दाजींची साखर कशी आहे? आणि तू मिरचीच्या कांडपावर अजून नाकाला फडकं न बांधताच बसतेस का?

अक्का, मी सात आणि आठ तारखेला नांदेडला होते. तुला कळवलं नाही. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्हा फिजिक्सवाल्यांची कार्यशाळा होती. ती संपवून स्टँडवर आले तर धर्माबादची गाडी लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता, दोन जागा रिकाम्या होत्या. मी लातूरच्या गाडीत बसले. दीड-दोन तासांवर माझी बहीण, आणि मी तिला तोंड दाखवायला घाबरले. का घाबरले ते सांगायलाच हे पत्र आहे, पण सरळ तिथं जायची हिंमत होत नाही, म्हणून आधी कार्यशाळेचं सांगते.

तिथं आम्हाला एक सॉफ्टवेअर शिकवलं. पडद्यावर चौकटींचा मोठा तक्ता असतो, एक चौकट म्हणजे एका जातीचा अणू. काही अणू किरणं सोडतात आणि सोडता सोडता दुसऱ्याच अणूत बदलतात, दुसरा तिसऱ्यात. चौकटीवर क्लिक केलं की पुढची सगळी वाट बाणांनी उमटते आणि कुठं थांबते तेही दिसतं. खाली एक पट्टी असते. ती सरकवली की काळ सरकतो, दिवस म्हण, वर्ष म्हण, लाख वर्षं म्हण. आधी सरांनी युरेनियम लावलं. चौदा पायऱ्या! पडदाभर वेडावाकडा जिना, शेवटी शिसं. काही पायऱ्यांना लाखो वर्षं, काहींना मिनिटं.

मग दोघादोघांना एकेक कॉम्प्युटर दिला. माझ्या जोडीला लुंबिनी नावाची मुलगी होती, किनवटकडच्या आश्रमशाळेत शिकवते. तोंडाचा पट्टा सुरू. म्हणाली, "मॅडम, माणसाच्या अंगात जाणारं कायतरी घेऊ. आमच्या पोरी तेच विचारतात. दगडातलं युरेनियम त्यांना काय करायचंय?" आणि तिनं आयोडीन-१३१ वर क्लिक केलं.

तुला हैदराबादला ऑपरेशननंतर गळ्यातल्या थायरॉईडसाठी दिलं होतं, तेच.

एक बाण उमटला. बाणाच्या टोकाला झेनॉन नावाचा एक वायू, आणि त्याच्यापुढं काहीच नाही. थोडासा भाग वाटेत एका आडपायरीवर थांबतो, पण तोही तिथंच येऊन शांत होतो. लुंबिनी म्हणाली, "बास? एवढीच साखळी? सुरू व्हायच्या आधीच संपली की." मग पट्टी धरून मला विचारलं, "किती दिवस टाकू?"

माझ्या तोंडून निघालं, "सेहेचाळीस."

"असा वाकडा आकडा? दर आठ दिवसांनी निम्मं होतं, आठाच्या पाढ्यात घ्या ना, सोपं जाईल."

"नाही, सेहेचाळीसच टाक."

अक्का, दोन वर्षांपूर्वी तू ते औषध घेतलंस बारा एप्रिलला आणि माझ्या घरी आलीस अठ्ठावीस मेला. लेकरांपासून, गरोदर बायांपासून लांब राहायचे डॉक्टरांनी सांगितलेले दिवस तर पाळलेसच, वर स्वतःहून महिनाभर जास्त थांबलीस. "पोरीच्या घरात जायचंय, उगं कशाला," असं म्हणून. चार दिवस राहिलीस. माझ्या डोक्याला तेल लावलंस. लाईट गेली तेव्हा गच्चीवर आपण एकाच वाकळीवर झोपलो.

मला तेव्हा सातवा आठवडा होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुलाच काय, अव्वालाही नाही. तीन महिने झाल्यावर सांगू, असं सोमेश आणि मी ठरवलं होतं. तू गेल्यावर आठव्या दिवशी माझं सगळं गेलं.

दवाखान्यातून घरी आले आणि पहिली गोष्ट काय केली माहीत आहे? ती वाकळ पिशवीत कोंबून घंटागाडीत टाकली. सोमेशनं विचारलं तर मी म्हणाले, उंदरानं कुरतडली. तुझं नाव तोंडातून काढलं नाही, पण मनात दुसरं काही नव्हतं. उदगीरच्या लग्नात तू गव्हाच्या गोड हुग्गीची वाटी घेऊन माझ्यापाशी आलीस आणि मी "पोटात जागा नाही" म्हणून उठून गेले. तुझा हात तसाच पुढं राहिलेला मला दिसला होता. शांभवीच्या बारशाला तुला सांगितलं, घरातल्या घरातच आहे, एवढ्या लांब कशाला येतेस. साठ माणसं जेवली, अक्का. मला आंघोळ घालून शाळेत सोडणारी माझी बहीण तेवढी नव्हती.

तू म्हणशील, तू तर फिजिक्स शिकवतेस, तुला एवढं कळू नये? तेच तर सांगायला जीभ रेटत नाही. मला माहीत होतं. आठ दिवसांत निम्मं, पुढच्या आठात त्याचं निम्मं, हे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. परीक्षेत गणित घालते. फक्त त्या गणितात तुझी तारीख कधी घातली नाही. तोंडी होण्यासारखा हिशोब, दोन वर्षं केला नाही. कारण तू सुटलीस तर मीच उरत होते. त्या आठवड्यात मी स्कूटीवरून खड्ड्याखड्ड्यांतून पेपर तपासायला जात होते. तुझ्यावर ढकललं की मला झोप लागायची.

लुंबिनीनं पट्टी सेहेचाळीसवर आणली. शंभरातले दोनसुद्धा उरले नव्हते. ती म्हणाली, "आणि हे तर बाटलीत ठेवलं तर. माणूस पहिल्या दोन-चार दिवसांतच बहुतेक सगळं लघवीवाटे बाहेर टाकतो." मग माझ्याकडं बघून, "मॅडम, पाणी आणू का?" मी मान हलवली. सगळ्यांसमोर रडू फुटलं. तिनं काही न विचारता खुर्ची फिरवून मला खिडकीकडं तोंड करून बसवलं आणि सरांना सांगितलं, मॅडमला उकडतंय.

तरी मला एकट्या मशीनवर विसंबायचं नव्हतं. सोमवारी आमच्या डॉक्टरबाईंकडं गेले. दोन वर्षांपूर्वी जे विचारायला पाहिजे होतं ते विचारलं. त्यांनी तारखा नीट लिहून घेतल्या, तुझ्या डोसचा कागद सोमेशच्या मोबाइलमध्ये होता तो बघितला. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बहिणीमुळं नाही. स्कूटीमुळंही नाही. लवकर गळणारे निम्म्याहून जास्त गर्भ मुळातच नीट जुळलेले नसतात. कुणाच्या हातात नसतं ते. हे दोन वर्षं उराशी घेऊन बसलात? तेव्हाच यायचं ना." मी "हो" म्हणाले. बाहेर आले तर पाय असे हलके झालेले की रिक्षा न करता घरापर्यंत चालत आले. वाटेत पेरू घेतले. किती दिवसांनी मी स्वतःसाठी काही विकत घेतलं असेल!

सोमेशला त्या दिवशी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी अक्काला लिही."

म्हणून लिहिलं. माफ कर असं लिहायला गेले तर तो शब्द फार छोटा वाटला, दोनदा खोडला. तू रागावलीस तर राग, पण तो इथं येऊन काढ. शांभवीला तू अजून मांडीवर घेतलेलं नाहीस. सोमेश न्यायला येईल, किंवा मीच येते. या वेळी धर्माबादच्याच गाडीत बसेन.

दाजींना नमस्कार. शिवम आणि आरतीला आशीर्वाद.

तुझ्यापासून दोन वर्षं लपलेली,
अंबिका

•

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

धर्माबाद,
रविवार, २४ ऑगस्ट

चि. अंबिकास, शिवगंगाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी सात बुकं शिकलेली, चुका होतील, हसू नको. पोळा झाला, मिरचीचं काम जरा कमी हाय. तुझे दाजी ठीक हायत, साखर हाय तिथंच हाय. फडकं बांधते आता, आरती बांधायला लावते.

अंबी, तू जे लपवलंस ते मला ठाव होतं. सोमेशरावांनी तवाच यांना फोनवर सांगितलं होतं, आणि अंबिकाला बोलू नका म्हणाले होते. मी नाही बोलले. पण सांगितलं त्या दिवशीच माझ्या मनात आलं, हे माझ्यानं झालं. तुझ्या मनात येण्याच्या आधी आलं असंल. मी तुझ्या डोक्याला तेल लावलं, तुझ्या अंगाला अंग लावून झोपले. हैदराबादच्या डॉक्टरला इचारायला तोंड उघडलं न्हाई. त्यो हाव म्हणला असता तर मी काय करणार होते?

लग्नात तू हुग्गी घेतली न्हाईस, तवा मला वाटलं, बरं झालं, पोरीला अक्कल हाय. बारशाला बोलावलं न्हाईस, तरी मी तुझ्यावर रुसले न्हाई. खरं सांगते, बोलावलं असतंस तरी आले नसते. पाय दुखतात म्हणून सांगणार होते, ठरवून ठेवलं होतं.

आता तुला एक सांगायचं हाय. आरतीला पाचवा महिना लागलाय. याच भ्यानं कुणाला कळवलं न्हाई. तिला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मी कांडपाच्या मागच्या खोलीत झोपून राहिले. ताट येगळं, तांब्या येगळा. तिच्या हातचा चहा दारातच घेते. तिला वाटलं, सासू आपल्यावर नाराज हाय. शिवम मला इचारून थकला. पोर स्वयंपाकघरात डोळे पुसायची ते मला दिसायचं, पण मी म्हणायचे, रडू दे, पण लेकरू राहू दे.

तुझं पत्र वाचून मी तशीच बसून होते. आरती दारात चहा घेऊन आली. मी म्हणलं, आत ये. ती आत येईना. मी म्हणलं, ये गं, बस, हे वाच. तिनं सगळं वाचलं. मग तिच्या मोबाइलवर ते तक्त्याचं काढलं. इंग्रजी मला येत न्हाई, पण बाण दिसतो. एकच बाण, पुढं काय न्हाई. मी इचारलं, माझे दिवस टाक. तिनं मोजले, दोन वर्षं आणि वर चार महिने. मशीननं काय दाखवलं म्हणतेस? शून्य. पुढं अजून शून्यं होती, ती म्हणाली, अव्वा, हे मोजण्याइतकंसुद्धा न्हाई.

मग ती लई रडली आणि मला भांडली. सासूला कुणी असं भांडत न्हाई. म्हणाली, मला इचारलं असतं तर! आम्ही दोघी एका ताटात जेवलो.

तुझं लेकरू गेलं ते माझ्यानं न्हाई, तुझ्यानंबी न्हाई. त्याच्यासाठी मी रडले न्हवते, माझा हक्क न्हाई वाटायचं. परवा मनासारखी रडले.

माफी मागू नको. मीबी मागत न्हाई. सोमेशरावांना पाठवू नको, मला गाडीत बसता येतं. महालक्ष्म्यांच्या आधी येते, चार दिवस न्हाई, पंधरा दिवस राहणार. माझं अंथरूण शांभवीच्या शेजारी घाल.

काल संध्याकाळी आरतीनं माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला. मी सवयीनं मागं घेतला. तिनं परत ठेवला. या वेळी ठेवला तसा राहू दिला.

तुझी, हात मोकळे झालेली,
शिवगंगाअक्का