घर आणि काचपट्ट्या माझ्या मुलीला

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात थरथरतो, त्याला दाखला मिळाला नाही.

कलम १. राहते घर, मागच्या खोलीसह, माझ्या मुलीला मिळावे. पुतण्या हरकत घेणार, हे मी धरून चालतो. मागे येऊन ऐकवून गेलाच, "काका, ती काकूंच्या पहिल्या लग्नाची. आपल्या घरातली नव्हे." मी चहा पुढे केला. वाद घालायचे त्राण उरलेले नाही, म्हणून उत्तर इथे देतो.

कलम २. भ्रूणांच्या काचपट्ट्या व सूक्ष्मदर्शक तिलाच. भ्रूणात पेशींचे थर पडतात आणि त्यांतून शरीर घडते; स्पंजाला असे खरे थर नसतात. जेलीफिशला दोन, बाहेरचा आणि आतला. चपट्या कृमींपासून आपल्यापर्यंत बहुतेकांना तीन. मधला थर मागाहून येतो, आणि हृदय, स्नायू त्यातूनच घडतात. गोगलगायीत तो बहुतांशी एका पेशीपासून होतो, तारामाशात कोवळ्या आतड्याला फुटणाऱ्या पिशव्यांपासून. वाट निराळी म्हणून कुणाचा स्नायू खोटा ठरलेला मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पुतण्याने हे कलम सावकाश वाचावे.

कलम ३. आमच्या विभागप्रमुखांनी काढलेला तक्ता अजून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लटकतो आहे. बाहेरचा थर निळा, मधला तांबडा, आतला पिवळा, असा आमच्यातला रिवाज. या गृहस्थांनी जेलीफिशच्या दोन थरांमधल्या गिळगिळीत पदार्थालाही तांबडे फासून त्याचा तिसरा थर केला. मी चारचौघांत चूक दाखवली, तर माझी बढती अडवली. ते गेले, तक्ता आहे. तो माझ्या खर्चाने उतरवावा. मी त्यांना माफ केलेले नाही, नुसता दमलो आहे.

कलम ४. ठेवी मुलगी व पुतण्या यांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. लाकडी कपाटही पुतण्याला. तो वाईट नाही, उतावळा आहे.

कलम ५. मसुदा पाहून वकील म्हणाले, "सर, 'सावत्र' लिहा ना. पुढे कटकट नको." लिहिणार नाही. ती नऊ वर्षांची असताना या घरात आली. मला 'सर' म्हणायची, अजून म्हणते. तिची आई गेल्यावरही ती मला सोडून गेली नाही. मागच्या ऑपरेशनच्या वेळी नर्सने तिला विचारले, "तुम्ही यांच्या कोण?" ती घुटमळली, मग म्हणाली, "यांच्याकडे राहते मी." मला गुंगी आली आहे असे तिला वाटले असावे. आली नव्हती. फार लागले मनाला. दोष तिचा नाही, नातेवाइकांनी तिला इतकी वर्षे हेच पढवले.

सोमवारी पुन्हा ऑपरेशन आहे. नर्स पुन्हा विचारील. तेव्हा तिने "मुलगी" एवढेच सांगावे. घरावर माझी ही एकच अट. तिला तेव्हाही ते म्हणवले नाही, तरी घर तिचेच.

सही: (लिहून देणार)
साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर २. कोपऱ्यावरचे चष्मेवाले
स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: १४ मार्च २०१९